कानावर हेडफोन असताना

शनिवार, २८ ऑगस्ट १९९३

खोली ४१२. खिडकीतून दिसतं काय — पार्किंग! फॉर्मवर तीन पसंती लिहायला सांगतात. तिन्ही ठिकाणी तळ्याकाठचं हॉस्टेल लिहिलं होतं. मिळालं हे. मग विचारता कशाला?

बाबांनी चार मजले सामान चढवलं. संध्याकाळची दुधाची फेरी होती, टँकर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. "खोली कोरडी आहे ना? मग झालं तर," म्हणाले नि गेले. चार तासांचा रस्ता आहे. जाताना मागे वळून पाहिलं नाही. मीही नाही.

रूममेट मारेन टॉलेफसन. मिनेसोटाची. माझ्याआधी पोचून दाराकडचा पलंग घेतलाय, खिडकीकडचा मला ठेवलाय. पहिल्याच दिवशी उपकार. असली माणसं मला आवडत नाहीत.

सोमवार, ३० ऑगस्ट

गेल आली होती — आमचा मजला सांभाळणारी, थर्ड इयरची. रूममेटचा करार घेऊन. प्रत्येक खोलीने भरायचा, दोघींनी सह्या करायच्या, कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा. दिवे कधी घालवायचे, पाहुणे कधी आणायचे, कुणाच्या वस्तूला कुणी हात लावायचा! मारेनने एकेक रकाना बोर्डाच्या पेपरासारखा भरला. 'राग आला तर एकमेकींना कसं सांगाल?' तिने लिहिलं — तोंडावर.

मी एकच नियम घातला. माझ्या कानावर हेडफोन असताना बोलायचं नाही. काही असेल तर चिठ्ठी.

"आग लागली तरी?" मारेनने विचारलं. थट्टा नव्हती, खरंच विचारत होती.

"आग लागली तर भोंगा वाजतो," मी म्हटलं.

तिने तेही लिहून घेतलं.

गुरुवार, ९ सप्टेंबर

केमिस्ट्रीच्या वर्गात चारशे पोरं. प्रोफेसर मुंगीएवढे दिसतात. शाळेत मी पहिली यायचे. पहिल्या चाचणीत शंभरात एक्केचाळीस. शेजारच्या मुलाने पेपर उलटा करून ठेवला, मी पाहू नये म्हणून. त्याचे शहाण्णव होते.

जेवले एकटीच. मारेन "चल येतेस?" म्हणाली होती. हेडफोन कानावरच होते, ऐकू आलं नाही असं दाखवलं. मग आली चिठ्ठी. 'जेवायला गेले. तुला हवं असेल तर जागा धरून ठेवते. मा.'

हिला दुसरं काम नाही.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

आज मजा आली. ४१८ मधल्या कर्स्टन आणि पेज जेवताना माझ्या टेबलाशी आल्या. बोलायचं काय? मग मारेनच्या चिठ्ठ्या काढल्या. मी त्या टाकत नाही, या वहीच्या मागच्या खिशात ठेवते. 'तुझे मोजे हीटरवर होते, जळतील म्हणून काढले.' 'आईने लेफ्सा पाठवलाय, दोन तुझ्यासाठी कपाटात.' 'तू झोपेत रडत होतीस का? नसशील तर सोड.' तिच्या त्या नाकातल्या आवाजात मोठ्याने वाचून दाखवल्या. पेजच्या नाकातून दूध आलं.

शेवटची वाचायला नको होती. पण सगळ्यात जास्त हशा तिलाच मिळाला.

लेफ्सा खाल्ला. चांगला होता. बटाट्याचा पातळ पापुद्रा, लोणी-साखर लावून. तिला सांगितलं नाही.

सोमवार, ४ ऑक्टोबर

येऊन सहा आठवडे झाले नाहीत, तर पुढच्या ऑगस्टला कुठे राहणार ते आत्ताच ठरवा म्हणे! पहिलं वर्ष संपलं की हॉस्टेल सोडायचं, नि बाहेरची चांगली घरं नोव्हेंबरातच संपतात. सगळा गाव त्यामागे लागलाय. आठ-आठ पोरांची टोळकी परक्यांच्या स्वयंपाकघरात घुसून नळ सोडून बघतायत. कालपर्यंत ज्यांना एकमेकांचं आडनाव माहीत नव्हतं ते आज वर्षभराचा संसार मांडायला निघालेत. आणि ज्याला कुणी विचारत नाही तो विचारत नाही हे सगळ्या मजल्याला कळतं. लपवायला जागाच नाही.

आज दुपारी कर्स्टनने विचारलं! स्प्रूस स्ट्रीटवरचं पिवळं घर, पाच खोल्या, ओसरीवर जुना सोफा. "आम्ही चौघी झालो. तू पाचवी. येतेस ना गं?"

"बघते," म्हटलं. लगेच हो म्हटलं तर बरं दिसत नाही. जिन्यात जाऊन बसले आणि रडले. मला कुणीतरी मोजलं.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

मारेनचंही घर ठरलंय म्हणे. तिच्या चर्चमधल्या कुणी मिसेस हॉगन, नवरा गेलेला. वरच्या मजल्यावर राहायचं, भाडं नाही. बर्फ उपसायचा, किराणा आणून द्यायचा, रविवारी बरोबर जेवायचं.

"दोन खोल्या आहेत," मारेन म्हणाली. "एक तुझ्यासाठी विचारू?"

"म्हातारीबरोबर सूप पीत बसायला मी इतक्या लांब आले नाही," मी म्हटलं. स्प्रूस स्ट्रीटचं सांगितलं. जरा जास्तच रंगवून.

तिला वाईट वाटावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "अरे वा. मग तेच नक्की होऊ दे. तुला तेच हवंय ना?"

वरून आणखी हे.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

कर्स्टनला हो म्हणून टाकलंय, पण घरमालकाचा पत्ता नाही. कर्स्टन रोज फोन करते. माझी नखं संपली.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

केसाने गळा कापला!

नऊ ते बारा केमिस्ट्रीची परीक्षा. परत आले तर ४१८ च्या दारावरच्या फळ्यावर भलंमोठं — 'घर मिळालं! पाच सह्या!' पाच? मी तर परीक्षेत. बाथरूममध्ये पलीकडच्या खोलीतली एक दात घासत होती. म्हणाली, "तुझी रूममेट काय धावली गं! मालकाचा दहाला फोन आला, दुसरे लोक अकराला येणार होते. पेज तुला शोधत आली, तू नव्हतीस, तर मारेनच कोट न घालता पळाली सही करायला."

मारेनने सही केली. माझ्या जागेवर. वरून गोगलगाय, पोटात पाय! म्हातारीच्या सुपाचा कंटाळा आला असेल. महिनाभर मीच तिला त्या घराचं गुणगान ऐकवत होते. हात दाखवून अवलक्षण.

४१८ मध्ये विचारायला गेले नाही. कशाला? माझी जागा मला भीक म्हणून मागायची?

ती दोनला आली. माझ्या कानावर हेडफोन. कॅसेट संपलेली होती, तरी काढले नाहीत. माझ्यासमोर उभी राहिली. हात हलवला. मी भिंतीकडे तोंड केलं. बऱ्याच वेळाने चिठ्ठी चिकटवायचा आवाज आला.

वाचणार नाही. माफीच असणार, आणि ती वाचली की मी विरघळेन. घडी घालून मागच्या खिशात टाकली. पुरावा म्हणून राहू दे.

सोमवार, ८ नोव्हेंबर

ग्रंथालयासमोर कर्स्टनने पलीकडून हाक मारली. "नॅडीन! अगं थांब, ऐक तरी!" मी थांबले नाही. समजूत घालायला आली असेल. आता दूरच्या मेसमध्ये जेवते. तिथे सगळे एकेकटेच बसतात.

बुधवार, १० नोव्हेंबर

गेलकडे गेले. खोली बदलून द्या म्हटलं. ती म्हणाली, आधी तिघी बसून बोलू, नियमच आहे. तुमच्या करारातही 'तोंडावर' लिहिलंय की.

तिच्याशी एका खोलीत बसून बोलायचं? मग म्हटलं, ती माझ्या वस्तूंना हात लावते.

गेलचा चेहराच बदलला. "म्हणजे? काही जातं का?"

मी नाही म्हटलं नाही. हीटरवरचे मोजे आठवले. हात तर लावलाच होता.

संध्याकाळी मारेनला खाली बोलावलं. परत आली तेव्हा हातात एक कागद होता, लेखी समज असते ती. आईला फोन करायची तिची वेळ झाली. आज केला नाही. फोनकडे पाहत बसली होती. मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. थोडा वेळ वाटलं.

उशीवर आणखी एक चिठ्ठी. तीही खिशात.

सोमवार, १५ नोव्हेंबर

दिवसभर गारांचा चिखल पडतोय. दुपारी जाताना मारेनने वॉकमनवरच चिठ्ठी चिकटवली. कमाल आहे! सोलून काढली, खिशात टाकली, आवाज वाढवला.

साडेपाचला आली ती नखशिखांत भिजून. ओठ निळे. बूट काढायचं भानही नव्हतं, माझ्या बाजूला पाण्याचं तळं केलं. पलंगाच्या कडेला बसून माझ्याकडे बघत राहिली. मी पानं उलटत होते. मग तिने तोंड उघडलं — नियम मोडते की काय म्हणून मी वाटच पाहत होते, दोन शब्द सुनावायला. पण नाही. उठली, टॉवेल घेतला, आधी माझ्या बाजूची फरशी पुसली नि मग डोकं.

शनिवार, २० नोव्हेंबर

मिळाली खोली. तळ्याकाठचंच हॉस्टेल! कुणीतरी मुलगी वर्ष सोडून घरी गेली, तिची जागा. खिडकीत तळं. सगळं पांढरं, गोठायला लागलंय. पाहून झालं.

पुस्तकांचं खोकं जड होतं. मारेनने न सांगता दुसरी बाजू धरली, लिफ्टपर्यंत आली. हेडफोन माझ्या गळ्यात होते, कानावर नव्हते. म्हणजे बोलता आलं असतं. दोघींनाही.

दार मिटताना म्हणाली, "मोजे हीटरवर टाकत जाऊ नकोस."

पुढच्या वर्षी कुठे राहणार, माहीत नाही. खांबांवर आता नुसत्या तळघरातल्या खोल्यांच्या जाहिराती उरल्यात.

गुरुवार, २५ नोव्हेंबर. घरी.

सणाची टर्की खाऊन बाबा खुर्चीतच झोपले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "असं कसं वागली गं ती? दाखव बघू त्या चिठ्ठ्या." वहीच्या खिशातून तिन्ही काढल्या. पहिल्यांदाच उघडल्या.

५ तारखेची : 'मालक थांबेना. पाच सह्या नसत्या तर घर गेलं असतं, म्हणून केली. जागा तुझीच आहे. १५ तारखेपर्यंत दोघी मालकाच्या ऑफिसात गेलो तर नाव बदलून देतात, मी विचारून घेतलंय. कधी जाऊ या?'

१० तारखेची : 'गेलला तू काय सांगितलंस ते कळलं. ते नंतर बघू. आधी ऑफिस. १५ गेली तर मी त्या घरात अडकेन, आणि मिसेस हॉगन माझी खोली डिसेंबरपर्यंतच धरून ठेवतील.'

१५ तारखेची : 'आज शेवटचा दिवस. पाचला बंद होतं. तीनपासून त्यांच्या पायरीवर थांबते. कानातलं काढ नि ये.'

आई भांडी पुसत होती. म्हणाली, "काय लिहिलंय गं? मोठ्याने वाच ना."