निवडून काढलेले दाणे

नागपूर, १४ जून २०२४

ती. गोकुळदादास,
प्रेरणाचा शि. सा. न. वि. वि.

शेंगदाण्यांची थैली पोचली आणि यकृताच्या कर्करोगावरच्या आमच्या संशोधनाची तू पार वाट लावलीस! मी मागितले होते शेतकऱ्याच्या घरी खाण्यात येतात ते दाणे, जसे असतील तसे, बुरशीसकट. त्या बुरशीचं विष यकृताचं काय करतं, हेच तर आम्ही शोधतोय. तू पाठवलेस टपोरे, गुलाबी, लग्नाच्या पंगतीला शोभतील असे. यंत्राला त्यात काही सापडेना. शेवटी आमच्या साहेबांनीच एक मूठ खाऊन टाकली. आता तरी खराब दाणे पाठव.

लोभ आहेच, तो दाण्यांतून दाखवू नकोस.
तुझी प्रेरणा

धामणगाव बढे, २३ जून

चि. सौ. प्रेरणास अनेक आशीर्वाद.

माहेरून बहिणीला सडकं पाठवायचं? तुझ्या सासरचे काय म्हणतील? तुझ्या वहिनीला बसवून एकेक दाणा निवडून घेतला मी! सरकार तुम्हाला पगार देतं आणि तुम्ही बुरशी मागता, धन्य आहे. तो रोग दारुड्यांना होतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी थेंबाला शिवत नाही.

खराब दाणे उरले नाहीत. आपल्या घरात काही वाया जात नाही. काळे, सुरकुतलेले दाणे भाजून तुझी वहिनी दरवर्षी स्वतःपुरती चटणी कुटते. आमची चांगल्या दाण्यांची वेगळी असते.

कळावे. बुरशी सोडून काहीही माग.
तुझा गोकुळदादा

नागपूर, २९ जून

ती. दादास न. वि. वि.

भाजल्याने ते विष जात नाही, दादा. त्यात वहिनीच्या रक्तात बी प्रकारची कावीळ आहे, बाळंतपणातच कळलं होतं. ती कावीळ आणि ही बुरशी एकत्र आली, की थेंबाला न शिवणाऱ्याच्या यकृतातही गाठ धरू शकते. मी गावोगाव नमुने मागत फिरले आणि ते माझ्या वहिनीच्या ताटात होते. मला फार भीती वाटते आहे.

तिला तपासणीला घेऊन ये. गाठ असलीच तर लहान असताना इलाज होतो. निघण्याआधी ती चटणी एकदा तूही खाऊन बघ, बहिणीला चांगलं पाठवणाऱ्या भल्या माणसा.

वहिनीवर माया असेल तर उशीर करू नकोस.
प्रेरणा

धामणगाव बढे, ५ जुलै

सौ. प्रेरणाताईंना वच्छलाचा सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून तुमच्या दादांनी माझी बरणी मागितली. पहिलाच घास थुंकला. एवढी कडू चटणी काऊन खाऊन राह्यली म्हणून माझ्यावरच ओरडले, मग अंगणात जाऊन बसले. जेवले नाहीत.

सोमवारी आम्ही येतो. भीती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू? तुमच्या यंत्रासाठी बरणी आणते.

लग्न होऊन आले तेव्हापासून यांचं पान वाढते आणि चटणी कशी झाली म्हणून विचारते. माझ्या चटणीचं यांनी पहिल्यांदाच काही विचारलं. तेही थुंकून झाल्यावर.

माया असू द्यावी.
तुमची वहिनी वच्छला