पाटीवरचं आडनाव

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बँड सोडून वर्तमानपत्रात बसलास, आता तरी आवाज कमी कर, असं तू लिहिलंस. उलट वाढवणार आहे.

आमचा ड्रमर एड्सनं गेला. त्याच्या घरचे अजून न्यूमोनियाच सांगतात. मग मीही तपासणी करून घेतली. ताई, मलाही एचआयव्ही आहे. घाबरू नकोस. गोळ्या चालू आहेत, भूक राक्षसासारखी आहे आणि गळा शाबूत आहे.

हे मी रविवारच्या अंकात लिहितोय. संपादक म्हणाले, टोपणनाव घ्या. मी म्हटलं, आयुष्यभर स्टेजवर ओरडलो, आता कुजबुजू कशाला? पण तुझ्या पार्लरच्या पाटीवर आपलंच माहेरचं आडनाव आहे. तू नको म्हणालीस तर थांबेन.

भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ आजवर पुरला, यापुढे जास्त लागेल.

तुझा,
गोंगाट्या

१८ जून

चि. गोंगाट्यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या खोलीत पोटभर रडून घेतलं. आता छाप.

तुझे भाऊजी म्हणाले, पाटी बदलू या का? मी म्हटलं, पाटी राहील, तुम्ही कुठे राहायचं ते ठरवा. जरा फुगून बसले, मग स्वतःच शिडी लावून पाटी पुसून लख्ख केली.

जेवत जा.

तुझी,
ताई

९ जुलै

चि. गोंगाट्यास,
अनेक आशीर्वाद.

लेख आरशाशेजारी चिकटवलाय. काही गिऱ्हाइकं तुटली. एकीनं कात्रीकडे असं पाहिलं, जणू तीच चावणार! पण केसांना रंग लावला की बाई अर्धा तास हलू शकत नाही. तेवढ्यात मी सगळं सांगते: कशानं होतो, कशानं होत नाही. कंडोम हा शब्द पहिल्यांदा मोठ्यानं म्हटला, तेव्हा सगळ्या एकदम मासिकं चाळायला लागल्या. आता त्याच प्रश्न विचारतात.

काल एकजण मुद्दाम शेवटपर्यंत थांबली. नवरा सारखा आजारी असतो म्हणाली आणि तपासणी कुठे करतात ते विचारलं. पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर तपासणीला जाते आहे. तिथे तिच्याशी काय बोलू, तेवढं कळव.

तुझी,
ताई

१३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपली गोंगाट्यांची तुकडी वाढली म्हणायची!

तिथे काही बोलू नकोस. निकालाची वाट बघत मी बाकावर एकटाच बसलो होतो. शेजारच्या अनोळखी बाईंनी न विचारता लोकरीचा गुंडा माझ्या हातात दिला आणि विणत राहिल्या. त्या ओढतील तसा मी धागा सोडत राहिलो आणि निकालाचं विसरून गेलो.

तसंच काहीतरी तिच्या हातात दे, आणि तिच्या शेजारून उठू नकोस.

तुझा,
गोंगाट्या