जानेवारीत समुद्राला कोण जातं

५ जानेवारी, शनिवार

शादलिया म्हणते समुद्राला जाऊ. तबार्काला. आत्ता, जानेवारीत!

मी म्हटलं, "तिकडे आभाळ फाटलेलं असतं या दिवसांत."

"म्हणूनच. पाऊस बघू. इथं कैरुआनमध्ये धुळीशिवाय आहे काय?"

थोरली बहीण माझी, त्रेसष्ट वर्षांची बाई. जन्म याच धुळीत गेला, कधी हूं की चूं नाही. आता पाऊस बघायचाय. सतराला निघायचं, रविवारी परत. हॉटेल ठरवून मोकळी. काहीतरी शिजतंय.

६ जानेवारी, रविवार

दुपारी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. कपडे चार, वेळ अर्धा तास. मी जिन्यात उभी राहिले. फोनवर बोलत होती — हळू, लाडात. एकदा हसलीसुद्धा.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला. माणूस काय बोलतोय हे ऐकू आलं नाही तरी काहीतरी लपवतोय हे मला आवाजावरून कळतं. खाली आल्यावर विचारलं, "कोण होतं?"

"हॉटेलवाला. खोलीत शेगडी आहे का, विचारत होते मी."

हॉटेलवाल्याशी शेगडीबद्दल असं कुणी बोलत नाही.

८ जानेवारी, मंगळवार

माळ्यावरून मोठी बॅग काढली तिनं. मोठी! तिचा नवरा सलाह हजला घेऊन गेला होता ती. तीन रात्रींसाठी. मी म्हटलं, हातातली पिशवी पुरेल. तर म्हणे, "गरम कपडे जागा खातात."

बरं, खाऊ देत. दोन जाड स्वेटर, लोकरी मोजे, रबरी बूट, गरम पाण्याची पिशवी — इथवर ठीक. पण खाली तळाशी निळा मखमली झगा घडी करून ठेवलाय, टाचणीनं कागद लावून. पावसात मखमल कोण घालतं?

आणि माझ्यासाठी नवा रेनकोट आणला. लाल रंगाचा. मी आयुष्यात कधी लाल काही घातलं नाही. "तुला उठाव येईल," म्हणाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला उठाव कशाला हवाय?

९ जानेवारी, बुधवार

शेजारची मन्नूबिया ब्रेड उसना न्यायला आली आणि तासभर बसली. तिला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण पोटात राहीना.

तिनं एकच विचारलं. "घर कुणाच्या नावावर आहे गं?"

शादलियाच्या. सलाह वारला तेव्हा मी सूसमधली भाड्याची खोली सोडली आणि तिच्या सोबतीला इथं आले. नऊ वर्षं झाली. माझं असं इथं फक्त पलंग आणि शिवणयंत्र.

"घर विकून मोकळी होतेय ती," मन्नूबिया म्हणाली. "तुला सहलीला नेऊन गोड बोलून सांगेल. वाईट बातमी लोक समुद्राकाठीच सांगतात."

ती गेल्यावर घरभर फिरून भिंती बघितल्या. कुणी मोजमाप घेतलंय का म्हणून. वेडीच आहे मी.

११ जानेवारी, शुक्रवार

घर नाही. भलतंच आहे!

आज कुसकुस खाता खाता तिनं सहज विचारल्यासारखं केलं, "दलेंदा, तुला समुद्राकाठी राहायला आवडेल का? कायमचं?"

"मला? कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे काय. आपलं असंच विचारलं." आणि भोपळ्याची फोड माझ्या ताटात वाढली. मोठी, स्वतःच्या वाटणीची.

नंतर परत गच्ची. परत मी जिन्यात. या वेळी शब्द आले.

"नाही, अजून सांगितलं नाही. स्वभावानं कडक आहे, एकदम सांगितलं तर उखडेल. तू आधी भेट तिला. बघ. तिनं हो म्हटलं की सगळं जुळलंच."

मी पायरीवर बसले.

लग्न. माझं लग्न लावायला निघालीय ही बया!

१२ जानेवारी, शनिवार

रात्री झोप नाही. आता सगळं जुळतंय एकाला एक. गेल्या हिवाळ्यात गुडघ्यांसाठी ती तबार्काजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर दोन आठवडे राहून आली. आल्यावर तरतरीत. तेव्हा तिथल्या एका माणसाबद्दल बोलली होती — लमीन नाव, पोवळ्याच्या माळा बनवतो, बायको मागेच वारली. "फार सालस माणूस," म्हणाली होती. मी लक्ष दिलं नव्हतं. उन्हाळ्यात त्याचं दुकान परदेशी गिऱ्हाइकांनी भरलेलं, हिवाळ्यात बंद. म्हणजे बायको बघायला सवड हिवाळ्यातच! म्हणून जानेवारी. म्हणून लाल रेनकोट. मखमली झगाही माझ्यासाठीच असणार.

नऊ वर्षं हिचं रांधलं, हिचे गुडघे चोळले. आता नको झाले मी. सरळ म्हणायचं ना, जा. पोवळेवाल्याच्या गळ्यात कशाला बांधायचं?

मी जाणारच नाही. बॅग तिची तिनं उचलावी.

१३ जानेवारी, रविवार

सांगितलं, येत नाही. सर्दी आहे म्हटलं.

तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "ताप नाही."

"आत आहे."

तिचा चेहरा उतरला. इतका, की मलाच कसंतरी झालं. म्हणाली, "दलेंदा, या एका वेळी चल. पुन्हा काही मागणार नाही." आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती.

बघू.

१४ जानेवारी, सोमवार

हम्मामला गेले. सोमवारी मी जात नाही, शुक्रवारी जाते. पण गेले. अंग घासून घेतलं, केसांना मेंदी लावली. तिथल्या बाईनं विचारलं, भुवया कोरू का? मी हो म्हटलं.

का म्हटलं ते इथंही लिहिणार नाही.

घरी येऊन दार लावून लाल रेनकोट घातला. आरशात बघितलं. बटणं लावली, काढली. वाईट दिसत नाही.

सालस म्हणजे नक्की कसा? जेवणाखाण्याचं काय त्याचं? तिकडे मासे खात असतील रोज. मला काटे काढायचा कंटाळा. पण सवय होते माणसाला.

शादलियाला सांगितलं, सर्दी उतरली, येते.

१६ जानेवारी, बुधवार

बॅग बंद होईना. ती वर बसली, मी चेन ओढली, दोघी हसलो. मग आठवलं की मी तिच्यावर रागावलेली आहे, आणि हसणं आवरलं.

तीन किलो मक्रूद बांधून घेतलेत, खजूर घातलेले, त्या कोपऱ्यावरच्या चांगल्या दुकानातले. विचारलं कुणासाठी. "रिकाम्या हातानं जातात का कुठं," म्हणाली. हॉटेलात कोण मिठाई घेऊन जातं? आता तर लपवायचेही कष्ट घेत नाही.

मी माझी हिरवी शाल बॅगेत घातली. काढली. परत घातली. स्वतःसाठीच घेतेय, थंडी असते तिकडे.

त्याच्यासमोर काय बोलायचं ते ठरवलंय. आधी नाही म्हणायचं. स्पष्ट. मग तो काय म्हणतो बघायचं.

१७ जानेवारी, गुरुवार, तबार्का

पोचलो. ट्युनिसपासून सामायिक टॅक्सीत पाऊस, काचेबाहेर काही दिसेना. शेजारचा म्हातारा वाटभर सांगत होता की मागच्या आठवड्यात रस्ता खचला. शादलिया एकदाही "अरे देवा" म्हणाली नाही. तिचं लक्षच नव्हतं.

खोलीत शेगडी आहे. एवढं खरं निघालं. खिडकीतून समुद्र — मातकट, उसळता, किनाऱ्यावर एकही माणूस नाही.

चहा झाल्यावर तिनं बॅग उघडली. मी पलंगावर बसून वाट बघत होते की आता झगा माझ्या हातात देईल आणि सगळं सांगेल. माझं 'नाही' तयार होतं.

तिनं झगा स्वतः घातला. आरशासमोर उभी राहिली. हात मागे नेऊन हूक लावायला बघत होती, हात पोचेना. म्हणाली, "जरा लाव ना गं."

हूक लावता लावता कळलं.

मी विचारलं, "कधीपासून?"

आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेल्या हिवाळ्यापासून. गुडघे बरे झाले तरी चार दिवस जास्त राहिले होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तोंड पाडशील म्हणून. सलाहचं घर, सलाहचं नाव... लोक काय म्हणतील ते आधी तूच म्हणशील म्हणून. आणि तुला एकटं टाकून जाते असं वाटेल म्हणून. लमीनच्या घरात एक खोली आहे, समुद्राच्या बाजूची. म्हणून विचारत होते तुला, इथं राहायला आवडेल का."

मी म्हटलं, "खोली वगैरे नंतर. हूक नीट बसत नाहीये, सरळ उभी राहा."

ती वळली आणि क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मेंदी, कोरलेल्या भुवया — सगळं दिसलं असणार. सोमवारपासून दिसत असणार. एक अक्षर बोलली नाही. माझ्या गालाला हात लावला फक्त. त्याबद्दल मी तिला बाकी सगळं माफ केलं.

मग ती शेगडीपाशी बसली आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून जरा रडले. कशासाठी ते धड सांगता येणार नाही. नाही म्हणायला आले होते, आणि मला कुणी विचारतच नव्हतं.

१८ जानेवारी, शुक्रवार, तबार्का

लमीन येऊन गेला. एका पायानं लंगडतो, छत्री गळकी, भिजून चिंब. शादलियाशी जेमतेम सलाम, आणि येऊन माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "दलेंदाबाई, तिचं हो आहे. पण तुमचं नसेल तर ती करणार नाही. म्हणून तिला मागणी घालायला मी तुमच्याकडेच आलोय."

शादलिया खिडकीकडे तोंड करून उभी होती.

हो म्हणायचं माझं ठरलेलं आहे. पण उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या होकाराची वाट बघतंय. म्हटलं, "उद्या सांगते."

एक रात्र थांबू देत दोघांना.