शालूले काम लागलं

नांदगाव पेठ

ती. बाबा, लेकीचा जय भीम.

फोनवर तुमाले ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिली. आमी ठीक आहो. आईचे गुडघे कसे आहेत?

दिवाळीत आमच्या घरचा फ्रिज, गाडी पाहून तुमी म्हणाले, "आमच्यापेक्षा तुमी सुखी झाले." मले बरं वाटलं होतं. पण मागच्या आठवड्यात कंपनीत तुमच्या जावयाचा हात मशीनमधी सापडला. घाबरू नका, बोटं वाचली. ठेकेदार म्हणाला, "बरा झाला की ये, जागा असली तर घेऊ."

अकोल्याच्या मिलमधी तुमचा पाय मोडला होता, तवा घरबसल्या पगार आला. साहेब मोसंबी घेऊन भेटाले आले होते. घरात पंखा नव्हता, पण तुमी खाटेवर पडून गाणे म्हणत होते. हे तर कोणाशी बोलतच नाहीत.

मी ठेकेदाराले म्हटलं, "त्यायच्या जागी मले घ्या."

"मशीन तेच आहे, बाई. भेव नाही वाटत?"

"वाटते," म्हटलं.

कालपासून जाऊन राहिली. आईले एवढंच सांगा, शालूले काम लागलं.

तुमची,
शालू