लाजरी नावाचा धान

माय,

मी आता प्रोफेसर झाले. गेल्या आठवड्यात ऑर्डर आली. कॉलेजातल्या सगळ्यांनी पेढे मागितले, मी भंडाऱ्याच्या बाजारातून आणले, त्यातला एक मीही खाल्ला. आनंद झाला का असं विचारशील तर नाही झाला. वाईटही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल जसा आपला असून आपला नसतो, तसं माझं गेले काही महिने चाललं आहे. लोक अभिनंदन करतात, मी हसते, आणि हसले हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यात एक ओळ कधी लिहिली नाही. आज बसले आहे, तर सगळंच सांगते.

आमच्या धंद्यात माणूस कसा मोजतात ते तुला मी कधी सांगितलं नव्हतं. आम्ही लेख लिहितो. तो लेख वाचून दुसऱ्या कोणी आपल्या लेखात आमचं नाव घेतलं, की एक धरायचा. असे किती जणांनी नाव घेतलं ते कॉम्प्युटर मोजतो आणि त्यावरून माणसाला एक आकडा चिकटवतो. लेखावर कोणाचं नाव पहिलं, कोणाचं दुसरं, कल्पना कोणाची, मेहनत कोणाची, याचेही रकाने असतात. बढतीच्या फॉर्मवर हे सगळं भरावं लागतं. आपल्याकडे नाव घ्यायचं म्हणजे उखाणा. लग्नात, हळदीकुंकवात, चारचौघींनी अडवून धरल्यावर. आमच्याकडे त्यावर पगार ठरतो. आता हसू नकोस.

माझ्या बाकीच्या सगळ्या लेखांचं मिळून जितक्या वेळा कोणी नाव घेतलं असेल, त्याहून जास्त वेळा एकट्या एका लेखाचं घेतलं गेलं. तो लेख तुला माहीत आहे. नागपूरच्या सरांच्या हाताखाली मी पीएचडी करत होते आणि गावोगावच्या जुन्या धानाच्या जातींची यादी करत होते, तो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि तू तीन दिवस माझ्यासोबत बांधाबांधाने फिरलीस. कापणीचे दिवस. तू पुढे, मी वही घेऊन मागे. तू लोंबी हातात घेतेस, दाणा दाताखाली फोडतेस, आणि नाव सांगतेस. ही हलकी, ही भारी, ही पेजेला बरी, ही पाहुण्यांसाठी. मी लिहून घेते. चौथ्या दिवशी घरी, चुलीपाशी, तू कोपऱ्यातल्या बांबूच्या ढोलीतून मूठभर बियाणं काढून माझ्या तळव्यावर ठेवलंस. मी विचारलं, "याचं नाव काय?" तू चुलीत फुंकर घातलीस. मग पदर जरा पुढे ओढून म्हणालीस, "लाजरी."

मी लिहिलं, लाजरी. शेजारच्या गड्यांनी सांगितलेल्या एका जातीसारखाच दाणा, तीच लांबी, तसाच रंग. पण नाव वेगळं, आणि आपल्या घराशिवाय हे नाव मला कुठेच मिळालं नाही. त्यावरून मी मोठ्या ऐटीत अनुमान काढलं की ही वेगळी जात असून ती एका घरात, एका बाईने, एकटीने जपली आहे. सरांना ते फार आवडलं. त्यांनी ते वाक्य उचलून लेखाच्या सुरुवातीला ठेवलं आणि आपलं नाव माझ्या नावाच्या आधी. पुढे ज्याने त्याने तेच वाक्य उचललं. ज्यांनी धानाचं रोप कधी पाहिलं नसेल तेही लाजरीचं उदाहरण देऊ लागले.

लेख छापून आला तेव्हा मी तो तुला दाखवायला घेऊन आले होते. तू तांदूळ निवडत होतीस. हात पदराला पुसून तू कागद घेतलास आणि म्हणालीस, "यात मी कुठं हावो?" मी शेवटच्या पानावर आभाराच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'माहिती देणाऱ्या स्थानिक महिला' असं होतं. म्हटलं, ही तू. तू विचारलंस, "नाव नाई?" मी म्हटलं, तशी पद्धत नसते. तेव्हा तू जे बोललीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "नाव कायले नाई घेत? तू का माह्यी बायको हायेस?" आणि तू स्वतःच हसत सुटलीस, सूप हलायला लागलं इतकं. मला राग आला होता. इतकी मेहनत करून लेख आणला आणि ही थट्टा करते, असं वाटलं. मी संध्याकाळची बस धरून नागपूरला निघून गेले. त्यानंतर दीड वर्षात तू गेलीस.

यंदाच्या हिवाळ्यात दूरच्या एका संशोधकाचं पत्र आलं. लाजरीचं थोडं बियाणं मिळेल का, आम्हाला तपासून पाहायचं आहे. नेमका तेव्हाच मी बढतीचा फॉर्म भरत होते आणि 'सर्वात प्रभावी लेख' या रकान्यात हाच लेख लिहिला होता. रविवारी शहापूरवरून पुढची बस धरून गावी गेले. आपली ढोली केव्हाच मोडली, पण शेजारच्या काकू अजून आहेत. नजर गेली आहे, जीभ तशीच आहे. तू दिलेलं बियाणं त्यांच्या सुनेने अजून थोडं ठेवलं होतं. मी म्हटलं, काकू, लाजरीचं बियाणं पाहिजे.

"कायचं?"

"लाजरी. आई ठेवायची तो धान."

"लाजरी त तुयी माय होती वो! धान कायचा लाजरी?" काकूंना हसता हसता ठसका लागला. सुनेने पाणी दिलं. मग त्या म्हणाल्या, "अवो पोरी, तुय्या बापाचं नाव अन् त्या धानाचं नाव एकच. ते कशी घेईल? आमी बाया मुद्दाम इचारत होतो तिले, का वो, तुय्या बांधीत कोनता धान हाय? ते म्हणे, लाजरी. धानाच्या रोवण्यात हेच मजाक चाले आमचा. तुले नाई सांगतलन कोनी?"

मला नाही कोणी सांगितलं. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांच्या तोंडून मी त्या धानाचं नाव कधी ऐकलं नाही, आणि ते गेल्यावरही तू त्यांचं नाव घेतलं नाहीस. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव विचारलं की तू मला पुढे करायचीस. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी त्याच घरात वाढले, आणि वही घेऊन आले तेव्हा मात्र साहेबीण होऊन आले. गड्यांनी सांगितलेली ती बाबांच्या नावाची जात आणि तुझी लाजरी एकच. ते नाव मी इथेही लिहीत नाही. तुझ्यासमोर ते कोणी घेतलं की तू उठून आत जायचीस.

"चाय घेऊन जाय," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, नको, बसची वेळ झाली. बसमध्ये मी रडेन असं मला वाटलं होतं. खिडकीतून कापून झालेल्या धानाच्या बांध्या दिसत होत्या, मी त्या मोजत आले. घरी येऊन भात टाकला, पेपर तपासले. कॉम्प्युटरवर त्या लेखाचा आकडा पाहिला. आदल्या आठवड्यापेक्षा तो दोनने वाढला होता. जी जात नाहीच, तिचं नाव आणखी दोघांनी घेतलं होतं.

माझ्यापुढे एवढंच होतं की सांगायचं की नाही. सर वारले आहेत, काकूंना कोणी विचारायला जाणार नाही, त्या संशोधकाला बियाणं संपलं असं कळवता आलं असतं. फॉर्म तसाच पुढे जाऊ द्यावा, बढती घ्यावी, चार वर्षांनी निवृत्त व्हावं. पण तसं केलं नाही. नियतकालिकाला पत्र लिहिलं, लाजरी ही वेगळी जात नाही, ते वाक्य मागे घेत आहे. महिन्याभरात शुद्धिपत्र छापून आलं. मी फॉर्मला त्याची प्रत जोडली आणि बढती गेली असं धरून चालले.

मुलाखतीत तिघे होते. मधले, वयाने मोठे, त्यांनी ती प्रत वर काढली. म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांनी, कोणी पकडलेलं नसताना, स्वतःची चूक कबूल करणारे फार थोडे उरलेत." बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. मी थँक्यू म्हटलं. ते शुद्धिपत्र त्यांनी नीट वाचलेलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं आणि मी गप्प बसले. त्यात चूक माझी आहे असं कुठेही नाही. त्यात लिहिलं आहे, 'माहिती देणाऱ्या स्थानिक महिलेने जातीचे नाव चुकीचे सांगितल्यामुळे'. ते वाक्य माझं आहे. आधी मी लिहिलं होतं, 'नवऱ्याचं नाव न घेण्याच्या रिवाजामुळे तिने वापरलेला शब्द आम्ही समजून घेतला नाही'. मग ते लांबलं म्हणून खोडलं. लांबलं म्हणून नाही, माय. त्यात 'आम्ही' होतं म्हणून.

तू काहीच चुकीचं सांगितलं नव्हतंस. तू मला तीन दिवस फिरवलंस, दाणा फोडून दाखवलास, आणि जे सांगता येत नव्हतं तेही तुला जमेल तसं सांगितलंस. एवढ्या कागदांमध्ये तू आता दोनदा आहेस, दोन्ही वेळा नावाशिवाय, आणि दुसऱ्या वेळी चुकणारी म्हणून. ही ओळ मी खोडली आणि परत लिहिली. बरं वाटलं, काहीतरी हललं म्हणून.

तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायची, मामाचं, बँकेचं, शाळेचं. तू असतीस तर हेही मीच वाचलं असतं, आणि ते शुद्धिपत्रातलं वाक्य गाळून पुढे गेले असते.