बोट्स्वानाचं नाणं आणि अक्काची चिंच

धारवाड, लक्ष्मीपूजन, संध्याकाळ

अक्कानं माझं बोट्स्वानाचं सोन्याचं नाणं पूजेसाठी चिंचेनं घासलं. वर रांगोळीची पूड लावून! देश स्वतंत्र झाला तेव्हाचं, स्वतःचं चलन यायच्याही आधीचं. वीस वर्षं मी त्याला उघड्या बोटानं शिवलो नव्हतो. आता नाण्यावरच्या अध्यक्षांच्या गालावर ओरखडे. संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत उरली फक्त वजनाची.

“बघ की रे, कसं झळकतंय! डबीत मेल्यागत पडलं होतं,” अक्का म्हणाली.

भावजी गेल्यापासून दोन दिवाळ्या ती देवापुढं बसली नव्हती. आज आपणहून बसली. तिला काय सांगू, नाणं घासायचं नसतं? “छलो आतु,” बरं झालं, एवढंच म्हणालो.

ते ओरखडे मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण त्या देशात तरी हे नाणं किती जणांनी पाहिलं असेल? परदेशात पाडलं, माझ्यासारख्यांच्या कपाटांत गेलं. आज पहिल्यांदाच कुणी त्याला हात जोडले असतील.

“उरलेलीही काढ, चिंच आहे अजून,” अक्का म्हणाली.

उरलेली चार. त्यातलं सगळ्यांत कमी दुर्मिळ तिला काढून दिलं. माझं औदार्य तेवढंच.