जठराच्या दारात अडकलेले प्राध्यापक

तीर्थरूप मामांना आणि मामींना भाच्याचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकायचा सराव उत्तम झाला आहे, का ते पुढे कळेलच.) मामा, तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? इकडे आईची तब्येत ठीक, हिची ठीक, आणि माझं नाव वर्तमानपत्रात आलं आहे. चांगल्या कारणासाठी आलं की वाईट, यावर घरात दोन तट पडलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी विज्ञान संग्रहालयात सुतार म्हणून लागलो हे तुम्हाला ठाऊक आहे. पण सुतार म्हटलं की तुम्ही टेबलखुर्च्या डोळ्यांपुढे आणाल. मी गेलं वर्षभर माणसाचं पोट बांधत होतो. प्लायवूड, फायबर आणि रबर. लोकांनी तोंडातून आत शिरायचं, सगळी पचनसंस्था चालत बघायची आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. दात मी स्वतः रंधून काढले. (अक्कलदाढ जरा वाकडी आहे, पण ती सगळ्यांचीच असते.) तोंडात शिरलं की कोमट पाण्याचा फवारा, ती लाळ. जठरात मोटारीवर हलणारी जमीन, कारण जठर अन्न घुसळतं.

या कामाचे सल्लागार म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर शरीरशास्त्र शिकवलं, आणि आमच्या साहेबांचे सासरे, त्यामुळे त्यांना 'नाही' कोणी म्हणत नाही. साहेब तर मुळीच नाहीत. पण माणूस जीव ओतून सांगणारा. माझ्या रंध्यापाशी स्टूल टाकून बसायचे आणि विकरं समजावायचे. विकरं म्हणजे पोटातले कारागीर, प्रत्येकाला एकच काम येतं. लाळेतलं विकर पिष्ट तोडतं, प्रथिनांकडे ढुंकून बघत नाही. प्रथिनं जठरातलं पेप्सिन तोडतं, पण आम्ल मिळालं तरच. (आमचा इलेक्ट्रिशियन असाच, चहा मिळाल्याशिवाय पक्कड उचलत नाही.) आणि काम झालं की विकर स्वतः खर्च होत नाही, पुढच्या कामाला मोकळं. हे ऐकून ही म्हणाली, म्हणजे घरातल्या बायकांसारखंच की.

आमचं वाजलं ते जठरातून लहान आतड्यात जायच्या दारावरून. मी म्हटलं, सर, दार रुंद ठेवू, माणसं सगळ्या आकारांची येतात. प्राध्यापक म्हणाले, "जठर म्हणजे बाजाराचा दरवाजा नाही. अन्न पातळ झाल्याशिवाय ते पुढे सोडत नाही." शेवटी रबराचं आकुंचन पावणारं कडं बसलं, त्यांनी सांगितलं तेवढंच अरुंद. माझ्या घशाखाली ते उतरलं नव्हतं, पण स्क्रू मीच आवळले.

उद्घाटनाला शाळेची मुलं आधी आत सोडली. ती भराभर पुढे गेली. मग प्रमुख पाहुणे म्हणून प्राध्यापक निघाले, मागे साहेब, पाहुणे आणि एक वार्ताहर. प्राध्यापक कड्यात शिरले आणि कमरेशी अडकले. डोकं आतड्यात, पाय जठरात. माझ्या पोटात गोळा आला. (माझ्या स्वतःच्या.) मोटार बंद करावी तर दिवे त्याच बटणावर, अंधारात चेंगराचेंगरी नको म्हणून साहेबांनी जमीन हलतीच ठेवायला सांगितली. थोड्याच वेळात पाहुण्यांना मळमळू लागलं आणि सगळे जण आल्या वाटेने, तोंडातून, घाईघाईने बाहेर पडले.

मी मात्र देखभालीसाठी भिंतीत ठेवलेली फळी सरकवून आतड्यात गेलो, वर्षभर वाकून जात होतो तसाच. तिथे मुलं प्राध्यापकांच्या डोक्याभोवती गोल करून बसलेली. एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही कोण आहात?"

"सध्या अर्धवट पचलेलं अन्न," ते म्हणाले, आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. इथे स्वादुपिंडाची विकरं येतात, ती पिष्ट, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ सगळ्यांना पुरतात... चेहरा लाल, चष्मा तिरपा, पण मामा, मी वर्षभरात त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मला हळूच म्हणाले, "निवृत्तीनंतर पहिला वर्ग आहे. सावकाश काढा."

तेवढ्यात प्राध्यापकांच्या पत्नी भांडी घासायच्या साबणाची बाटली घेऊन त्याच वाटेने आल्या आणि त्यांनी ती यांच्या कमरेभोवती रिकामी केली. मी मुलांना म्हटलं, हे बघा, पित्त नावाचं विकर. त्यावर प्राध्यापकांचंच पित्त खवळलं. "पित्तात विकर नसतं! ते स्निग्ध पदार्थांचे फक्त बारीक थेंब करतं. पचवायचं काम लायपेजचं!" या आवेशात त्यांनी अंग झटकलं आणि सुळकन बाहेर आले. कोट मागेच राहिला. मुलीने विचारलं, कोट का नाही आला? ते म्हणाले, "सुती आहे. सेल्युलोज. माणसाकडे त्याचं विकर नाही."

मग मुलांचे हात धरून ते उरलेलं आतडं चालत गेले, दोरीच्या गोंड्यांच्या रसांकुरांना, म्हणजे अन्नरस शोषणाऱ्या बारीक केसांना, हात लावत. शेवटच्या दाराशी साहेब पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. त्या दारावर त्यांनी हौसेने 'सुस्वागतम्' लिहून घेतलं होतं. ते दार शरीरात कुठे येतं, हे फोटो निघेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी आली : 'उलटीचे प्रात्यक्षिक विशेष जिवंत.' खाली कारागीर म्हणून माझं नाव. साहेबांनी सगळं पोटात घातलं आणि माझी नोकरी कायम केली. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. वरचं नोकरीचं वाक्य आईसाठी आहे, ती पत्र वाचून मगच पाकिटात घालते; हे ता. क. तिचं वाचून झाल्यावर गुपचूप लिहितोय. साहेब म्हणाले, पुन्हा एकदा उद्घाटन करू, ते नीट पार पडलं तर कायम. साहेब म्हणतात दार रुंद कर, प्राध्यापक म्हणतात हात लावशील तर बघ. तेव्हा दाराऐवजी पाहुणा बदलायचं ठरलं आहे.

ता. क. २. मी तुमचं नाव सुचवलं आहे. साहेबांना सांगितलं, माझे मामा निवृत्त मुख्याध्यापक आहेत, उत्तम वक्ते आहेत आणि सडपातळ आहेत. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तरी कमरेचं माप उलट टपाली कळवावं. माप मामींनी घ्यावं, आणि त्या वेळी तुम्ही श्वास सोडलेला असावा.